सिएनाचे पांढरे रस्ते

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीतील टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला सिएना नावाचे एक जुने शहर टेकड्यांच्या माथ्यावर वसले आहे. त्याच्या उत्तरेला किआंतीचे जंगल आणि द्राक्षमळे आहेत, तर आग्नेयेला क्रेते सेनेसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या. या दोन्ही प्रदेशांतून डांबर न पडलेले असंख्य रस्ते जातात. चुनखडीच्या बारीक खडीमुळे ते उन्हात पांढरे दिसतात, म्हणून इटालियन भाषेत त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्तेच म्हणतात. आज मला याच रस्त्यांविषयी आणि त्यांवरून केलेल्या सायकलप्रवासाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

एप्रिलच्या अखेरीस मी आणि माझी मैत्रीण अशा दोघींनी तेथे सहा दिवस सायकल चालवली. एखाद्या सकाळी दोन-दोन तासांत एकही मोटार भेटत नसे. इतक्या प्रसिद्ध, पर्यटकांनी गजबजलेल्या प्रदेशात ही शांतता आली कोठून, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. त्याचे उत्तर शोधताना असे लक्षात आले की, या शांततेच्या मुळाशी तेथील शेतीचा इतिहास आहे, आणि ती आज टिकून आहे ती काही माणसांनी आग्रहाने टिकवली म्हणून.

टस्कनीतील शेती कित्येक शतके अर्धलीने चालत असे. जमीन धन्याची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे, अशी ती पद्धत होती आणि तिचे इटालियन नाव ‘मेत्साद्रिया’ हेही या निम्म्या वाट्यावरूनच पडलेले आहे. कुळाला जमिनीचा तुकडा आणि त्यावरच राहायला दगडी घर मिळत असे. त्यामुळे वस्ती गावात एकवटण्याऐवजी टेकडीटेकडीवर विखुरली आणि प्रत्येक घराला धन्याच्या वाड्याशी, चर्चशी आणि बाजाराच्या गावाशी जोडणारी एकेक गाडीवाट तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे वळली. १९६४ साली अर्धलीचे नवे करार करण्यावर कायद्याने बंदी आली. घरे ओस पडली, पण वाटा राहिल्या. क्रेते सेनेसीतील रिकाम्या झालेल्या जमिनींवर सार्डिनिया बेटावरून आलेले धनगर मेंढ्या घेऊन स्थायिक झाले आणि तेथील मेंढीच्या दुधाच्या प्रसिद्ध चीजमागे आजही त्यांच्या कुटुंबांचे कष्ट आहेत. आपण ज्या रस्त्याला निवांत म्हणून सुखावतो, तो कोणाच्या तरी स्थलांतरामुळे निवांत झालेला असतो, ही जाणीव त्या पडक्या घरांजवळून जाताना मला वारंवार होत राहिली.

पुढे एकामागून एक पांढऱ्या रस्त्यावर डांबर पडू लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची या किआंतीतील गृहस्थांनी १९९७ साली गायोले या गावातून एक सायकलफेरी काढली. जुन्या काळच्या सायकली, लोकरीचे जर्सी आणि वाटेत गावकऱ्यांच्या हातचे साधे जेवण, असे तिचे स्वरूप होते. त्या पहिल्या वर्षी ९२ जण आले. ‘लेरोइका’ या नावाने ही फेरी आता दर ऑक्टोबरमध्ये भरते, जगभरातून हजारो लोक तिला येतात आणि १९८७ पूर्वीच्या घडणीचीच सायकल हवी हा नियम कसोशीने पाळला जातो. पण तिच्या निमित्ताने पांढरा रस्ता हा जपण्याजोगा वारसा ठरला, ही गोष्ट मला त्या गर्दीपेक्षा मोलाची वाटते. २००७ पासून व्यावसायिक शर्यतपटूंची एक स्पर्धाही याच रस्त्यांवर सुरू झाली. ती सिएनाच्या मुख्य चौकात, पियात्सा देल काम्पोमध्ये संपते आणि २०१५ पासून महिलांचीही शर्यत होते. मात्र ज्यांना शर्यतीशी कर्तव्य नाही, त्यांच्यासाठी लेरोइकाचा २०९ किलोमीटरचा मार्ग तपकिरी पाट्यांनी कायमचा आखून ठेवलेला आहे. त्यातील जवळजवळ निम्मा भाग कच्च्या रस्त्याचा आहे आणि वर्षातून कोणत्याही दिवशी, कोणतीही सायकल घेऊन तो करता येतो. शर्यतपटू तो एका दिवसात पुरा करतात. आम्ही चार दिवस घेतले आणि उरलेले दोन दिवस आवडलेल्या ठिकाणी पुन्हा जाण्यासाठी ठेवले.

गायोलेहून निघाल्यावर थोड्याच वेळात ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढणारा पांढरा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना सरूची उंच झाडे आहेत आणि वर रिकासोली घराण्याचा किल्ला. संयुक्त इटलीचे दुसरे पंतप्रधान झालेले बेत्तिनो रिकासोली याच घराण्यातले आणि किआंतीची वाइन कोणत्या द्राक्षांपासून करावी याचे एकोणिसाव्या शतकातील गणितही त्यांनीच घातलेले. किआंतीच्या या भागात ओकचे दाट जंगल असल्यामुळे सावली भरपूर मिळते. राद्दा गावाकडे जाताना चढ लांबतात, पण अंगावर येत नाहीत.

आपल्या सह्याद्रीत सायकल चालवलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्याकडे घाट म्हणजे एकच मोठी चढण असते. एकदा लय सापडली की, माणूस वळणे मोजत माथ्यावर पोहोचतो आणि मग पठार लागते. सिएनाच्या परिसरात असा एकही मोठा घाट आम्हाला लागला नाही. तेथे रस्ता पन्नास मीटर चढतो, साठ मीटर उतरतो, पुन्हा चाळीस चढतो आणि दिवसभर हेच चालू राहते. संध्याकाळी बेरीज केली, तर एखादा मोठा घाट दोनदा चढल्याइतकी उंची भरते. म्हणून हलके गिअर अत्यावश्यक आहेत. टायर निदान ३२ मिलिमीटर रुंदीचा असावा आणि त्यात हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे मोकळ्या खडीवर चाक घसरत नाही. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, हे तर आपल्या मुरमाड रस्त्यांनीही आपल्याला शिकवलेलेच आहे.

सिएनाहून आशानो गावाकडे जाणारा लाउरेताना हा रस्ता मला सर्वांत आवडला. तो बहुतांशी डांबरी असूनही त्यावर वर्दळ अगदी तुरळक असते. क्रेतेच्या चिकणमातीचे उतार पावसात खचतात, त्यामुळे जुन्या लोकांनी रस्ते दरीतून न नेता डोंगरधारेवरून, सोंडेसोंडेने नेले. परिणामी सायकलस्वाराला सतत दोन्ही बाजूंचा मुलूख दिसत राहतो. एप्रिलमध्ये डावी-उजवीकडे कोवळा हिरवा गहू असतो आणि मधूनच राखाडी-पांढऱ्या मातीचे घुमटासारखे उंचवटे वर येतात, ज्यांवर गवतही धड धरत नाही. ही माती समुद्राच्या तळाशी साचलेली आहे, लाखो वर्षांपूर्वी येथे समुद्र होता, आणि त्या खारटपणामुळेच या उंचवट्यांवर फारसे काही उगवत नाही. जूनमध्ये हाच मुलूख सोनेरी होतो आणि पीक निघाल्यावर, नांगरणीनंतर, सगळा राखाडी दिसतो.

याच रस्त्याजवळून मॉन्ते सांते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा पांढरा टप्पा आशानोकडे जातो. शर्यतीत तो सर्वांत कठीण मानला जातो आणि काही चढ इतके उभे आहेत की, आम्ही दोघीही दोन ठिकाणी उतरून सायकली ढकलत वर गेलो. त्या टप्प्याच्या मध्यावर उभे राहून आम्ही पाणी प्यायलो. चंडोल पक्ष्यांचा आवाज, खाली कोठेतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि वारा, याखेरीज काही ऐकू येत नव्हते.

मेंढ्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांची राखण करणाऱ्या मोठ्या पांढऱ्या कुत्र्यांविषयी सांगितले पाहिजे. ती कळपाला धोका आहे असे समजून सायकलमागे धावतात. अशा वेळी वेग वाढवणे चुकीचे ठरते. सायकलवरून उतरावे, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि शांतपणे चालत कळपापासून दूर व्हावे. आम्हाला तीनदा हा प्रसंग आला आणि तिन्ही वेळा कुत्री भुंकून परत गेली. शरद ऋतूत जाणाऱ्यांनी शिकारीचा मोसम लक्षात घेऊन ठळक रंगाचे कपडे घालावेत. जुलै-ऑगस्टचे ऊन क्रेतेत टाळावेच, कारण मैलोन्‌मैल झाड नाही. आणि पाऊस पडून गेल्यावर चिकणमातीच्या वाटेवर उतरू नये, कारण ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की, सायकल जागची हलत नाही.

आणखी दक्षिणेला मॉन्ताल्चिनो, पियेंत्सा आणि व्हाल दोर्चा आहे. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे खोरे सुंदर आहे यात शंका नाही, परंतु छायाचित्रांमुळे तेथे मोटारींची ये-जा वाढली आहे. तेथे जायचे तर पहाटे निघावे. त्यापेक्षा मॉन्ते ओलिव्हेतो माज्जोरे या १३१३ साली स्थापन झालेल्या मठाच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणे मला अधिक आवडले. मठ सरूच्या राईत लपलेला आहे आणि तेथून बुओनकॉनव्हेंतोपर्यंतचा उतार इतका सौम्य आहे की, पेडल मारण्याची गरजही क्वचितच भासते. बुओनकॉनव्हेंतोला रेल्वे स्थानक आहे आणि पाय थकले, तर सायकलचे वेगळे तिकीट काढून प्रादेशिक गाडीने सिएनाला परतता येते.

एका शेतघरात आम्ही मुक्काम केला. घरमालकीण बाईंनी दाराखिडक्यांच्या कडांवर बसलेली पांढरी धूळ बोटाने पुसून दाखवली. उन्हाळ्यात वाळत घातलेले कपडे दोनदा धुवावे लागतात, असे त्या म्हणाल्या. रस्ता डांबरी होऊ नये, असे आम्ही पाहुणे सहज म्हणून जातो, पण धूळ त्यांच्या घरात जाते. तरीही रस्ता असाच राहावा असे तुम्हाला वाटते का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून उत्तर दिले की, डांबर झाले तर गाड्या वेगाने येतील आणि नातवंडांना अंगणाबाहेर सोडता येणार नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही फोंतेब्रांदा वेशीतून सिएनात शिरलो. तेथून चौकाकडे जाणारी सांता कातेरिना ही दगडी फरशीची गल्ली शंभराला सोळा या प्रमाणात चढते आणि शर्यतीचा निकाल बहुधा तेथेच लागतो. आम्ही ती पायीच चढलो. मुक्कामाच्या ठिकाणी अंगणात नळाखाली सायकली धुतल्या, तेव्हा पहिल्यांदा निघाली ती क्रेतेची राखाडी चिकणमाती, आणि ती गेल्यावर, मडगार्डच्या आतल्या कडेला पहिल्या दिवसापासून बसून राहिलेली किआंतीची फिकट पिवळसर धूळ.