कोठवर? सोलापुरातल्या उपवासकाळाचं निवेदन

(दृश्य : सकाळ. वाटीत राख, शेजारी गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या.)

सोलापुरात ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो तो मार्चअखेर सोबत घेऊनच. २०२६ साली त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. मधले दिवस मोजले तर ४६ भरतात. त्यातले ६ रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. नेमके याच दिवसांत पतसंस्थेची वसुली दारात येते, मुलांच्या परीक्षा असतात, यंत्रमागाला काम कमी असलं की मजुरी घटते, आणि ऊन चाळिशीकडे सरकतं. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणूस घरी येतो, तेव्हा यातलं काहीच हललेलं नसतं.

मग देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे करायचं काय? "होईल सगळं चांगलं" एवढं म्हणून भागत नाही. बायबलनं अशा दिवसांसाठी गाऱ्हाण्याची प्रार्थना दिली आहे, आणि ती भरपूर दिली आहे. १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याचीच आहेत.

(दृश्य : उघडं बायबल. ओळीखाली सरकणारं बोट.)

१३वं स्तोत्र पाहा. वचनं सहाच. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनातल्या मनात झुरायचं, कोठवर वैऱ्यानं माझ्यावर वरचढ व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे : माझ्याकडे बघ, उत्तर दे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं. मधल्या मधे संकट टळल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. वैरी होता तिथंच आहे, आणि तरी गाणं सुरू झालंय.

(दृश्य : संध्याकाळ. अंगणात सतरंजी, पेटी, तबला. उंबऱ्याबाहेर चपला.)

उपवासकाळात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, प्रार्थना घरोघर फिरतात. तिथं हे स्तोत्र असं घ्यावं. एकानं पहिली दोन वचनं सावकाश वाचावीत आणि थांबावं, चांगली दोन मिनिटं. मग ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं आपलं "कोठवर" एका वाक्यात सांगावं. आईचं डायलिसिस कोठवर? थकलेला हप्ता कोठवर? त्यावर कुणी काही बोलायचं नाही. पुढची दोन वचनं वाचून झाली की मागणं, तेही नेमकं. "आशीर्वाद दे" असं मोघम मागण्यापेक्षा "शनिवारच्या रिपोर्टची भीती वाटते, सोबत राहा" असं म्हणावं. शेवटची दोन वचनं सगळ्यांनी मिळून, आणि मग गाणं. सारं वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

बिघडतं ते त्या दोन मिनिटांत. शांतता सोसवत नाही, कुणीतरी "देवाची मर्जी" म्हणून टाकतं, पेटी सुरू होते, आणि सभा थेट पाचव्या वचनावर उडी मारते. गाऱ्हाणं घेऊन आलेली बाई ते तसंच पदरात बांधून घरी जाते. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, तर तिचा विश्वास थंडावला असं समजू नये. तिला बोलायला जागाच मिळाली नव्हती.

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून "तुझंच काही पाप असेल" म्हणू लागले, आणि शेवटी देवानं त्यांनाच फटकारलं. आजाऱ्याच्या घरी जाताना एवढं ध्यानात ठेवावं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. भेटीला जाताना डबा न्यावा. प्रवचन राहिलं तरी चालेल.

दुसरी चूक सौद्याची. ९१वं स्तोत्र किती तरी घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं. रानातल्या परीक्षेच्या वेळी सैतानानं येशूपुढे याच स्तोत्रातली वचनं म्हटली होती : उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूनं उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नको. "चाळीस दिवस चहा सोडला, आता कर्ज फेडून दे" हे त्या उडीच्याच जातीचं. इन्शुलिन बंद करून "आता देवच बरं करील" म्हणणं तर त्याहून घातक. हिज्कीया राजाला बरं करण्याचं वचन देवानं आधीच दिलं होतं, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला.

(दृश्य : माठ, पेला, झाकलेलं ताट.)

उपवासाचंही थोडं. कॅथलिक नियम १८ पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंतच्यांना, म्हणजे ५९ पूर्ण होईपर्यंत, लागू आहे : राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, दोन्ही मिळून जेवणाएवढं होता कामा नये. पाण्याला बंदी नाही, आणि सोलापूरच्या उन्हात पाणी सोडूच नये. चहा सोडायचा तर आधीचा आठवडाभर एकेक कप कमी करत जावा. एकदम सोडला की डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते. मधुमेही, गरोदर, बाळंतीण यांनी जेवण सोडू नये. वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. यशयाच्या ५८व्या अध्यायात उपवासाचा अर्थच भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं असा आहे.

(दृश्य : शुभ शुक्रवार, दुपार. भरलेलं मंदिर, पंखे.)

शुभ शुक्रवारी अनेक चर्चमध्ये बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपासना चालते. चौथा उद्गार, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन. सातवा, आत्मा बापाच्या हाती सोपवण्याचा, ३१व्या स्तोत्रातला. प्राण जातानाही येशूच्या तोंडी याच प्रार्थना होत्या. उशीर झाला की चौथा उद्गार आटोपता घेतला जातो. तसं करू नये. तिथं २२वं स्तोत्र ३१ वचनांसह पूर्ण वाचावं, चार-पाच मिनिटं लागतात. वेळ काढायचाच तर सूचना आणि आभारातून काढावा.

ईस्टरच्या सकाळी गाणी होतात, गोडधोड होतं. हप्ता मात्र एप्रिलचाही असतो, डायलिसिसची पाळीही चुकत नाही. म्हणून ज्या घरांत "कोठवर" बोललं गेलं, त्यांची यादी पाळकांनी आणि घरोघर जाणाऱ्या भगिनींनी जपून ठेवावी. पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पुढचे सात आठवडे, त्या प्रत्येक घरी निदान दोनदा तरी जाऊन यावं.