वावराची वही कुठे ठेवायची?

यवतमाळ जिल्ह्यातलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर. फवारणी चालू आहे. धुऱ्यावर औषधाची बाटली ठेवलेली, आणि कास्तकार तिच्यावरचं नाव मोबाईलमध्ये उतरवून घेतोय. औषध कोणतं, पंप किती झाले, पाठीवर पंप कोणाच्या होता.

२०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. असा रुग्ण दवाखान्यात पोचला, की डॉक्टरांना आधी कळायला हवं असतं ते हेच: फवारलं काय होतं? ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन देतात. दुसऱ्या बऱ्याच गटांतल्या औषधांचे उपचार वेगळे. म्हणून ही दोन ओळींची नोंद कोणत्या ॲपमध्ये राहते, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

ब्राउझरमध्ये चालणारी ॲप सोपी पडतात. गुगल कीप घ्या, नोशन घ्या, एव्हरनोट घ्या. काही इन्स्टॉल करायला नको. लॉगिन केलं की गावातल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवरही आपल्याच नोंदी दिसतात. मोबाईल फवारणीच्या ड्रममध्ये पडला तरी लिहिलेलं शाबूत राहतं. ही सोय लहान नाही.

पण त्या नोंदी राहतात कंपनीच्या सर्व्हरवर. वावरात रेंज गेली की ब्राउझरमधलं पान अनेकदा उघडतच नाही. कीपचं मोबाईल ॲप नेटशिवाय चालतं, एवढा दिलासा आहे. शिवाय नियम कंपनीचे. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्याला ५० नोंदी आणि एकच वही, अशी मर्यादा घातली. पेरणी, डवरणी, निंदण, खत, फवारणी, वेचणीची मजुरी… एका हंगामात ५० नोंदी सहज होतात.

दुसरी वाट मुक्तस्रोत ॲपची. उदाहरणार्थ जॉप्लिन. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे; मूळ मंडळींनी काम थांबवलं तरी दुसरं कोणी ते पुढे नेऊ शकतं. नोंद आधी आपल्याच मोबाईलवर साठते, रेंज असो वा नसो. नेट मिळालं की ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा नेक्स्टक्लाउड अशा नेटवरच्या साठवणीत तिची प्रत ठेवता येते (याला सिंक म्हणतात). ऑब्सिडियनचं नावही याच यादीत घेतलं जातं. त्याच्या फायली आपल्याजवळ राहतात हे खरं, पण त्याचा कोड खुला नाही.

आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे फाइलचा साचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने अर्ज, ठराव आजही कितीतरी कॉम्प्युटरांत पडून आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ते उघडा, मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर आहे, पण वाचता येत नाही. जॉप्लिनमधल्या नोंदी कॉम्प्युटरवरून मार्कडाउनमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय वाचता येणाऱ्या साध्या युनिकोड मजकुरात बाहेर काढता येतात. त्या नोटपॅडमध्येही उघडतात, ॲप नसलं तरी.

कास्तकाराला हे लागतंच. गुलाबी बोंडअळीचं गणित एका वर्षात कळत नाही. पेरणी कधी केली, पहिली डोमकळी (अळीमुळे न उमललेलं फूल) कधी दिसली, फरदड ठेवली होती का (म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवलं होतं का), हे चार-पाच हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर आपल्याच वावराबद्दल काही हाती लागतं.

जबाबदारी मात्र वाढते. प्रत ठेवली नाही आणि मोबाईल गेला, तर सगळं गेलं. नोंदी कुलूपबंद करून पासवर्ड विसरलात, तर तो परत देणारं कोणी नाही. पहिल्यांदा सिंक लावायला कॉलेजात जाणाऱ्या लेकराची मदत घ्यावी लागेल, जरूर घ्या.

बाजाराची यादी कीपमध्ये राहू द्या, तिथे ती बरी. वावराचा हिशेब आणि फवारणीची नोंद आम्ही जॉप्लिनमध्येच ठेवायला सांगू. त्यातही औषधाचं नाव घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. दवाखान्यात नेणारा माणूस बहुतेक तोच असतो.

आणि उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपला, की वर्षाच्या सगळ्या नोंदी बाहेर काढून पेनड्राइव्हवर घ्या. तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून दोन-तीन फायली उघडा, मराठी अक्षरं नीट वाचता येतात का ते पाहा, मगच मोबाईलमधलं काही पुसायचं असेल तर पुसा.