घाटावरचा हिशोब

एप्रिल २०२१. नागपूरचं ऊन तसंही त्या महिन्यात बाहेर पडू देत नाही, पण त्या वर्षी रस्त्यावर फक्त अॅम्ब्युलन्सचे सायरन होते. हा मोक्षधाम घाट, पलीकडे गंगाबाई, तिकडे मानेवाडा, अंबाझरी, सगळी स्मशानं. तेव्हा जो कोणी घाटावर जाऊन आला तो घरी येऊन एकच बोलायचा, पेपरात कोविडने मेलेल्यांचा आकडा इतका कमी काहून आहे बाप्पा?

आमच्या गल्लीतले एक काका त्याच महिन्यात गेले. ताप आला, मग दम लागला, बेड मिळेना म्हणून घरीच. टेस्ट झालीच नाही, कागदावर हार्ट अटॅक लिहून आलं. झालं, कोविडच्या यादीत काका नाहीत.

असे किती सुटले हे घरोघरी जाऊन कोण विचारणार? म्हणून आकडेवारीवाले कारणाच्या भानगडीत पडतच नाहीत. माणूस कशाने गेला यावर वाद होतो, गेला की नाही यावर होत नाही. समजा एखाद्या वस्तीत दर एप्रिलला चाळीसेक माणसं जातात आणि या एप्रिलला शंभर गेली, तर वरचे साठ म्हणजे एक्सेस डेथ्स, अतिरिक्त मृत्यू. यात डायलिसिस चुकल्याने गेलेलाही येतो, आणि लॉकडाऊनमुळे जे अपघात झालेच नाहीत ते आपोआप वजा होतात. म्हणजे हा एकट्या व्हायरसचा आकडा नाही, साथीच्या सगळ्या गोंधळाचा आहे.

१९१८ च्या फ्लूमध्येही हेच करावं लागलं होतं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, आणि देशात सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांत हा प्रांत होता. गावातून मेलेल्यांची खबर यायची आणि वहीत बहुतेकांच्या नावापुढे फक्त ‘ताप’ लागायचं. कोणता ताप, कोणी विचारलं नाही! मग नेहमीच्या वर्षापेक्षा किती जास्त गेले ते मोजलं तेव्हा कुठे अंदाज आला, देशभरात एक कोटीच्या वर.

आता आपल्या वेळचं बघा, गंमत इथेच आहे. देशात नोंदलेले सगळे मृत्यू २०१८ ला साडेएकोणसत्तर लाख, २०१९ ला ७६ लाख, २०२० ला ८१ लाख. २०२० ची वाढ पाच लाखांच्या आत, म्हणजे साथ नसतानाच्या वाढीपेक्षाही कमी, आणि जास्तीचे मृत्यू फार नाहीत हे सांगायला सरकारनं नेमकं यावरच बोट ठेवलं. चूक आहे असंही नाही, लोकसंख्या वाढते आणि लोक आता दाखला काढायला लागलेत म्हणूनही आकडा चढतो, त्यामुळे ‘नेहमीचे’ किती धरायचे यावरच खरी मारामारी आहे. पण मग २०२१ आलं. १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी, आणि त्या वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार. एवढी उडी नुसत्या नोंदणीने कशी येईल सांगा.

मृत्यू नोंदणीचा हा २०२१ चा सरकारी रिपोर्ट बाहेर आला मे २०२५ मध्ये. त्याआधी, मे २०२२ ला, जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांचे मिळून भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू सांगितले होते, तेव्हा सरकार म्हणालं आमच्याकडे खरी नोंद असताना तुमचं मॉडेल कशाला. ४७ लाखच बरोबर असं मी म्हणत नाही, मॉडेल ते मॉडेलच. पण खरी नोंद हातात यायला पुढची तीन वर्षं लागली हेही खरंच.

आणि काका? त्यांच्या मुलानं महिन्याभरातच महापालिकेच्या झोन ऑफिसातून दाखला काढला होता, बँकेत मागून राहिले होते म्हणून. त्या ३ लाख ३० हजारात काका नाहीत. १ कोटी २ लाखात आहेत.