सावित्रीचा पूर आणि पुलाचा पाया

महाडजवळची ही सावित्री. मुंबई-गोवा महामार्गावर इथे १९२८ सालचा, दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, भर पुरात तो वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा अंधारात नदीत कोसळल्या. काही घरांना आपली माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत.

दगडी कमान खरं तर मोठी भरवशाची. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. म्हणून कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून बसवलेला असतो. वरून गाडी गेली की भार कमानीच्या वळणानं खांबात उतरतो आणि खांबाला बाहेर रेटतो. पलीकडची कमान त्याच खांबाला उलट बाजूनं रेटते. दोन्ही रेटे जुळतात, म्हणून खांब जागचा हलत नाही. पण तोच खचला तर दगडांचे सांधे उघडतात. एक कमान पडली की पुढच्या खांबाला उलट रेटा उरत नाही, आणि शेजारची कमानही मागोमाग जाऊ शकते.

खांब खचतो कसा? इथे बघा, खांबाच्या तोंडाशी. आदळलेलं पाणी खाली तळाकडे वळतं, पायाशी भोवरा धरतं आणि वाळू, गोटे उकरत राहतं. म्हणून नवा पूल आखताना पुराच्या पाणपातळीपासून नदीचा तळ सरासरी किती खोल खरवडला जाईल, याचं गणित आधी मांडतात. खांबाजवळ त्याच्या दुप्पट खोली धरतात आणि पाया त्याच्याही खाली नेतात. कातळ लागला, तर कातळातच रोवतात.

जुन्या पुलांची खरी अडचण पूर ओसरताना सुरू होते. पायाशी पडलेला खड्डा गाळानं भरून येतो. उन्हाळ्यात तपासणीला आलेल्या इंजिनिअरला खांबाभोवती सपाट वाळू दिसते. ती सैल असते, पुढच्या पुरात सहज निघून जाते. कठडे आणि सांध्यांत उगवलेला पिंपळ बघून ही तपासणी कशी पुरी होणार? वाळूत सळई खुपसून घट्ट तळ कुठे लागतो ते पाहावं लागतं, पाण्यात पाणबुडे उतरवावे लागतात, भर पुरात तळ मोजणारी यंत्रं खांबांवर बसवावी लागतात. आणि पाण्यानं धोक्याची खूण ओलांडली, की रात्र असो, गाडी प्रवाशांनी भरलेली असो, पूल बंद.