टूथपिकवर टोचलेली संस्कृती

मंडळी, विषय तुम्ही पत्रिकेत वाचला आहेच: रोजच्या अन्नातून संस्कृती जोडणारी सार्वजनिक परफॉर्मन्स कला. परफॉर्मन्स म्हणजे काय, हे या सभागृहाला सांगत बसत नाही: लोकांसमोर, लोकांसोबत केलेली कृती हीच कलाकृती, एवढं पुरे. कुणाला शंका असेलच, तर ती व्याख्यान संपेपर्यंत वाढेल एवढी हमी देतो. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हा व्याख्यानांचा जुना रोग आहे. अन्नाच्या कलाकृतीत परकी माणसं एकमेकांशी बोलतात ती घास तोंडात जाण्याआधी. रांगेत, चिरताना, भांड्यावरचं झाकण उघडायची वाट बघताना. एकदा घास आत गेला की सभ्य माणूस गप्प बसतो.

आणि नेमकी हीच वाट बघण्याची वेळ आयोजक सगळ्यात आधी कापतात. माझं भांडण आहे ते टूथपिकशी. सहा देशांचे सहा ट्रे मांडायचे, प्रत्येक ट्रेवर छोटा झेंडा, प्रत्येक तुकड्यात टूथपिक. येणारा माणूस वीस ग्रॅमचा तुकडा उचलतो, 'वेगळंच आहे हं' म्हणतो आणि पुढच्या झेंड्याकडे सरकतो. सहा देश दोन मिनिटांत उरकतात. विमानतळावर याहून जास्त वेळ लागतो. (हशा)

आयोजकांची कारणं मला पाठ आहेत. ताटल्या लागत नाहीत, बसायला जागा लागत नाही, शेगडीची परवानगी नको आणि फोटो छान येतो. पण त्यामुळे होतं काय? पदार्थ दुसरीकडे शिजून येतो, म्हणजे वास येत नाही. गार होतो, म्हणून मुळात गार चालेल असाच निवडला जातो. कुणालाच खटकू नये म्हणून तिखट, आंबट, कडू सगळं खाली आणलं जातं. आणि ज्या बाईनं तो रांधला ती मागच्या खोलीत, जिला काही विचारावं ती एकमेव व्यक्ती दाराआड. याला देवाणघेवाण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण निधीच्या अर्जात तरी लिहू नका.

आता याच्या उलट काय करता येतं ते बघा. 1992 साली न्यूयॉर्कच्या '303 गॅलरी' या कलादालनात रिरक्रित तिरावनिजा या थाई कलावंतानं गॅलरीचं कार्यालय आणि कोठीतलं सामान बाहेर प्रदर्शनाच्या दालनात आणून ठेवलं. रिकाम्या झालेल्या जागेत शेगडी मांडली आणि येईल त्याला थाई रस्सा-भात फुकट वाढला. खरकटी भांडी, रिकामे डबे तिथेच राहू दिले. घासभर चव देऊन बोळवण नव्हती, पोटभर जेवण होतं. पोटभर जेवायचं तर बसावं लागतं, आणि बसलं की शेजारी कुणीतरी असतंच.

त्याच्याही तीस वर्षं आधी, 1962 मध्ये, लंडनच्या आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत ॲलिसन नोल्स या अमेरिकी कलावंत बाईंनी एक कृती केली. तिची संहिता एवढीच: सॅलड करा. बस्स. प्रेक्षकांसमोर चिरायचं, कालवायचं, वाढायचं. 2008 मध्ये लंडनच्याच टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात तीच कृती झाली तेव्हा चिरलेला पाला आतल्या पुलावरून खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर टाकला आणि तिथे कालवला. याच बाईंची आणखी एक कृती म्हणजे रोजचं तेच दुपारचं जेवण: गव्हाच्या टोस्टवर ट्यूना, लेट्यूस, लोणी, मेयोनीज नाही, आणि सोबत मोठा ग्लास ताक किंवा कपभर सूप. मासा आणि ताक! चेहरे बघतोय मी तुमचे. (हशा) एवढ्यावरच या खोलीत कुजबुज सुरू झाली ना? कृती तिथेच सुरू होते.

'सॅलड करा' हे दोन शब्द वाचून उद्याच करायला निघणाऱ्यांसाठी हिशेब देतो. दोनशे माणसं धरा. माणशी शंभर ग्रॅम पाला, म्हणजे वीस किलो. ड्रेसिंग माणशी पंधरा मिलीलीटर, म्हणजे तीन लीटर. तीनास एक या प्रमाणात सव्वादोन लीटर तेल, पाऊण लीटर व्हिनेगर. पाला धुतल्यावर पूर्ण निथळून कोरडा करायचा. ओल्या पानाला तेल धरत नाही, सगळं खाली तळाशी जमतं. मीठ आणि आंबट वाढायच्या आधी दहाच मिनिटं. मीठ पानातलं पाणी बाहेर ओढतं आणि अर्ध्या तासात तुमची कलाकृती मलूल होते. भाषणं आधी उरका, नंतर कालवा. पाहुणे लांबले तर पाला थांबत नाही.

चिरायचं टेबल पाऊण मीटरपेक्षा रुंद नको, नाहीतर समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. माणसं समोरासमोर उभी करा आणि सुऱ्या माणसांपेक्षा कमी ठेवा. सुरी मागावी लागते, तिथून संभाषण सुरू होतं. हा माझा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

गरम अन्नाची गोष्ट वेगळी. दोनशे जणांना पंधरा किलो तांदूळ पुरतो, पण एका भांड्यात शिजवू नका. खाली करपतो, वर कच्चा राहतो. तीन भांडी घ्या, वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं चढवा. शिजलेला भात साठ अंशांच्या वर राहिला पाहिजे. कोमट भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यानं सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला भात टाकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी. ॲलर्जीची पाटी रांगेच्या तोंडाशी लावा. वाढपाच्या टेबलावर ती वाचेपर्यंत ताट भरलेलं असतं.

आणि रांग! एका माणसाला वाढायला वीस सेकंद धरले तर दोनशे माणसांना सदुसष्ट मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांपर्यंतची रांग बोलते, त्यानंतर चिडते. दोन रांगा केल्या तर साधारण तेहतीस मिनिटांत काम होतं. या दोन्ही रांगा समोरासमोर तोंड करून भांड्याकडे येऊ द्या, पाठीला पाठ लावून नको.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे ज्या मुद्द्यासाठी आलो तो आता धावत-पळत.

संस्कृती जोडल्या जातात का? खाणाऱ्याला काही विचारावंसं वाटलं आणि उत्तर देणारा हाताच्या अंतरावर असला, तरच. मायकेल राकोविट्झ या इराकी वंशाच्या अमेरिकी कलावंताच्या 'एनिमी किचन' (शत्रूचं स्वयंपाकघर) या कृतीत न्यूयॉर्कमधली शाळकरी मुलं बगदादी पदार्थ शिकली, राकोविट्झ आणि त्यांच्या आईनं जमवलेल्या पाककृतींवरून. हात कामात असताना मुलं इराक युद्धाबद्दल बोलली. 2012 मध्ये शिकागोत त्याच नावाची खाद्यगाडी फिरली, तिच्यावर इराकी आचारी आणि त्यांच्या हाताखाली इराक युद्धातले अमेरिकी माजी सैनिक. कोण कुणाला 'कांदा बारीक चिर' सांगतंय, हीच ती कृती.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधलं 'कॉन्फ्लिक्ट किचन', म्हणजे खिडकीतून अन्न विकणारं कलावंतांचं उपाहारगृह, 2010 ते 2017 चाललं. अमेरिकेचं ज्या देशांशी भांडण, त्यांचं अन्न, आणि ते गुंडाळलेल्या कागदावर तिथल्या माणसांच्या मुलाखती छापलेल्या. 2014 मध्ये पॅलेस्टिनी जेवण सुरू असताना ठार मारण्याची धमकी देणारं पत्र आलं आणि काही दिवस खिडकी बंद ठेवावी लागली. पदार्थाला कुणाची हरकत नव्हती, वाद कागदावरच्या मजकुराचा होता. त्यामुळे 'अन्न सगळ्यांना जोडतं' हे वाक्य मला पटत नाही. अन्न माणसाला जागेवर थांबवतं, बोलणं मात्र आपल्यालाच लिहून आणावं लागतं.

सुझान लेसी या अमेरिकी कलावंत बाईंची 1979 ची जगभर एकाच वेळी जेवणं घडवणारी कृती राहिली. तारा पाठवणाऱ्या बायका, नकाशावरचे लाल त्रिकोण, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. मानधनाचं मात्र आत्ताच सांगतो. आचाऱ्याचं नाव भिंतीवर कलावंताच्या नावाएवढ्याच अक्षरांत लिहा आणि त्याचे पैसे किराणा भरायच्या आधी द्या. भांडी घासणाऱ्यांचेही त्याच यादीत धरा. ती माणसं अंदाजपत्रकात दरवेळी विसरली जातात. हं, विचारा प्रश्न. मागच्या रांगेतून हात वर झालाय.