सेलवरचा रेडिओ अडॅप्टरवर चालवताना

मंडळी, टेबलावर हा जो रेडिओ आहे त्याच्या पाठीमागच्या खणात तीन सेल बसतात. तीन दीडं साडेचार व्होल्ट. बाहेरून वीज घेण्याची सोय कंपनीने दिलेली नाही. आपल्याला तो घरात अडॅप्टरवर चालवायचाय आणि सेलही आत ठेवायचेत. दोनच वायरी जोडायच्या, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण या कामात व्होल्टेज जुळवणं हा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे सेल आणि अडॅप्टर यांची आपसात गाठ पडू न देणं. आजचा बहुतेक वेळ त्यालाच देणार आहे.

सोपं आधी उरकून घेऊ. सेलवर १.५ लिहिलेलं असलं, तरी नवा कोरा अल्कलाइन सेल मीटरवर (मल्टिमीटरवर) १.६ दाखवतो आणि संपत आला की एकच्या आसपास येतो. म्हणजे या रेडिओला सुरुवातीला ४.८ आणि शेवटी जेमतेम ३ व्होल्ट मिळतात, आणि तो या सगळ्यात चालतो. म्हणून बरोबर साडेचारचा अडॅप्टर शोधत बुधवार पेठ किंवा लॅमिंग्टन रोड पालथा घालायची गरज नाही. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, मध्ये एक शॉट्की जातीचा डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) घातला, की ४.७ देतो. चार सेलच्या यंत्रालाही हेच ५ व्होल्ट बहुधा पुरतात, कारण निम्मे संपलेले चार सेल तेवढेच देत असतात.

घरात पडलेला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर मात्र मीटर लावल्याशिवाय जोडू नका. त्यावर ६ व्होल्ट छापलेले असतात ते पूर्ण लोडवरचे, म्हणजे यंत्र छापील करंट ओढत असतानाचे. रिकामा मोजलात तर ९-१० सहज दिसतात, आणि हळू आवाजातला रेडिओ म्हणजे जवळजवळ रिकामाच. अँपिअरचा गोंधळ उलट दिशेने होतो. दोन अँपिअरचा चार्जर लावला तर रेडिओ जळेल, अशी भीती अनेकांना असते. जळत नाही, रेडिओ हवा तेवढाच करंट ओढतो. अडॅप्टरची क्षमता कमी पडली तर त्रास, जास्त असली तर काही नाही. किती ओढतो ते मोजायचं असेल तर सेल आणि पट्टी यांच्यामध्ये पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी चिकटवा आणि मीटरच्या दोन टोकांनी त्या दोन पट्ट्या जोडा. मीटर आधी दहा अँपिअरच्या खाचेत.

आणखी एक गोष्ट पेचकस हातात घेण्याआधी. सेलच्या खणातून बोर्डाकडे वायरी किती जातात ते मोजा. दोन असतील तर ठीक. काही खेळण्यांत आणि जुन्या टेपमध्ये तीन असतात: मोटरला सहा व्होल्ट आणि आतल्या सर्किटला मधूनच, दुसऱ्या सेलपाशी काढलेले तीन. तिथे बाहेरून नुसते सहा दिलेत तर मोटर फिरते आणि बाकी सगळं गप्प. अशा यंत्राला आजची युक्ती लागू नाही.

आता मुख्य काम. सेल आत असताना अडॅप्टर थेट समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडला, तर अडॅप्टर सेलमध्ये करंट ढकलतो. हे सेल चार्ज होण्यासाठी बनलेलेच नाहीत. आत वायू तयार होतो, दाब वाढतो, सील फुटतं, आणि अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंगवरून बोर्डावर उतरतं. तांबं हिरवं पडलेले रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ढिगाने येतात.

हे टाळण्याची जुनी पद्धत म्हणजे तीन पायांचा डीसी जॅक, अडॅप्टरचा प्लग घालायचं सॉकेट. बाहेरून ५.५ मिलिमीटरचा प्लग, आतली पिन २.१ किंवा २.५. पिन २.१ची आणि प्लग २.५चा असला तर तो आत जातो, पण सैल बसतो आणि रेडिओ हलवला की खरखर. दोन्ही एकाच मापाचे घ्या. जॅकचा एक पाय मधल्या पिनचा, दुसरा प्लगच्या बाहेरच्या नळीला टेकणाऱ्या पट्टीचा, आणि तिसरा पाय प्लग नसताना त्या पट्टीला चिकटलेला असतो. प्लग घुसला की पट्टी उचलली जाते आणि तिसरा पाय सुटा होतो.

कोणता पाय कोणता, हे चित्रावरून ठरवू नका, मीटर बझरवर ठेवून बघा. प्लग काढलेला असताना ज्या दोन पायांमध्ये बीप होतं ते पट्टीचा आणि तिसरा. आता प्लग घाला, बीप थांबलं पाहिजे. मग मीटरचं एक टोक प्लगच्या बाहेरच्या नळीला लावा. जो पाय वाजतो तो पट्टीचा.

जोडणी अशी. खणाच्या शेवटच्या स्प्रिंगकडून बोर्डाकडे जाणारी मायनसची वायर मधोमध कापायची. स्प्रिंगकडचं टोक तिसऱ्या पायाला, बोर्डाकडचं टोक पट्टीच्या पायाला. प्लसची वायर कापायची नाही, तिच्यावरून एक फाटा काढून मधल्या पिनला न्यायचा. अडॅप्टरची पिन प्लस असली पाहिजे. काही जुन्या अडॅप्टरांत ती मायनस असते, म्हणून त्यावरचं छोटं चित्र बघा आणि वर मीटरही लावा. कापलेल्या वायरीची दोन टोकं अदलाबदल झाली तर काय होतं बघा: प्लग घातला की रेडिओ सुटा पडतो आणि अडॅप्टर थेट सेलवर बसतो. म्हणजे रेडिओ गप्प आणि सेल गरम. आपण मात्र अडॅप्टरच बिघडला म्हणून दुसरा लावून बघतो!

जॅकचे पाय बाहेरच सोल्डर करून घ्या, मग डब्यात बसवा. बसवल्यावर सोल्डरिंगची इस्त्री लावलीत तर प्लास्टिक मऊ होऊन पट्टी तिरकी होते आणि बघता बघता तिसरा पाय कायमचा सुटतो. आट्यांचा जॅक असेल तर आट्यांची जाडी मोजून भोक पाडा. डबा धातूचा असेल तर जॅक प्लास्टिकचाच हवा.

या पद्धतीत एक खोट आहे आणि आपल्याकडे ती महत्त्वाची आहे. वीज गेली तरी प्लग जॅकमध्येच असतो. म्हणजे सेल तुटलेलेच राहतात. भारनियमनात रेडिओ आपोआप सेलवर जावा म्हणून एवढा खटाटोप केला, आणि अंधारात प्लग उपसत बसायचं! त्यामुळे माझं मत विचाराल तर रेडिओला डायोडची जोडणी बरी.

तिला दोन शॉट्की डायोड लागतात, १एन५८१९, एक अँपिअरचे. अडॅप्टरच्या प्लसवर एक, सेलच्या प्लसवर एक, आणि दोघांच्या पांढऱ्या पट्टीच्या बाजू एकत्र करून रेडिओच्या प्लसला. इथे प्लसची मूळ वायर कापावी लागते. सगळे मायनस एकत्र. जॅकचा तिसरा पाय रिकामा. ज्याचं व्होल्टेज जास्त तो रेडिओ चालवतो, दुसऱ्याचा डायोड दार लावून बसतो. वीज गेली की सेल त्याच क्षणी हाती घेतात, बातमीतला शब्दही तुटत नाही. नेहमीचा १एन४००७ टाकू नका. तो ०.७ व्होल्ट खातो, शॉट्की ०.३. तीन सेलवर ०.७ गेले की सेल अर्धे भरलेले असतानाच आवाज फाटायला लागतो.

‘जास्त व्होल्टेजवाला चालवतो’ हे वाक्य मात्र नीट लक्षात घ्या. चार नव्या सेलचे ६.४ आणि चार्जरचे ५ असतील तर अडॅप्टर चालू असूनही रेडिओ सेलच खाणार, ते पाचपर्यंत उतरेपर्यंत. चार सेलच्या यंत्राला डायोडची जोडणी करायची तर अडॅप्टरकडून ६.७ आले पाहिजेत. त्यासाठी १२ व्होल्टच्या अडॅप्टरपुढे एलएम२५९६ची, व्होल्टेज कमी करणारी छोटी पाटी लावतात. तिचा स्क्रू फिरवून व्होल्टेज आधी मीटरवर ठरवा, यंत्र नंतर जोडा. पाटी दुकानातून येते तेव्हा स्क्रू कुठे ठेवलेला असेल याचा नेम नसतो. तीन सेल आणि ५ व्होल्ट ही जोडी जमून जाते. सेल अगदी कोरे असताना थोडा भार तेही उचलतात, तेवढं चालतं.

दोन सेलच्या यंत्राला ५ व्होल्टवरून ३ करायचे तर एलएम३१७ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा आयसी) पुरतो. आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, ॲडजस्ट ते मायनस १८० ओहम, म्हणजे ३.१ व्होल्ट. इनपुटला ०.१ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुस्तकात १२०च्या जागी २४० दिसतात, पण या आयसीला सांभाळायला दहा मिलिअँपिअरपर्यंत भार लागू शकतो, आणि रिमोटसारखं यंत्र तेवढं ओढत नाही. मग व्होल्टेज वर चढतं. भिंतीवरच्या घड्याळासाठी हा उद्योग करूच नका; एका पेन्सिल सेलवर ते वर्षभर चालतं.

यूएसबी सी जॅक बसवणाऱ्यांसाठी: जॅकच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पायांपासून मायनसपर्यंत वेगवेगळे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लागतात. ते नसतील तर दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर चार्जर काहीच देत नाही, आणि जुन्या केबलवर मात्र सगळं छान चालतं. पॉवर बँकेवर रेडिओ लावलात तर थोड्या वेळाने तो बंद पडेल. बँकेला वाटतं फोन काढून घेतला, कारण एवढा कमी करंट ती मोजतच नाही.

मीडियम वेव्हवर चार्जरचा गुरगुराट येतो, त्याचंही सांगतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावा आणि चार्जर जवळ आणा, लगेच कळेल. केबल फेराइटच्या कड्यातून पाच-सहा वेढे घालून घ्या, रेडिओच्या प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाका. तरी राहिला तर ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर आणि पुढे रेग्युलेटर, दुसरा इलाज नाही. एलईडी दिव्यातून काढलेलं ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट मात्र कधीही वापरू नका. त्यात मेन्सची वीज थेट रेडिओच्या खिळ्यांपर्यंत येते. आणि लिथियम बॅटरीच्या जागी ५ व्होल्ट देऊ नका, तिची मर्यादा ४.२ आहे.

काम झालं की तपासणी, आणि ती जुन्या, उतरलेल्या सेलवर करा, नव्या नाही. नव्या सेलवर उलटा लागलेला डायोड लपून जातो, कारण सेलचं आणि अडॅप्टरचं व्होल्टेज जवळजवळ सारखं असतं. उतरलेले तीन सेल घाला, मघाची पुठ्ठ्याची पट्टी सरकवून मीटर मिलिअँपिअरवर ठेवा, अडॅप्टर चालू करा. आकडा शून्य हवा. मायनस दिसला, तर करंट सेलमध्ये शिरतोय: सेल ताबडतोब काढा आणि सेलकडच्या डायोडची पांढरी पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघा.