होमरची ओळ कशी बनते? चोवीस मात्रा, तयार तुकडे आणि एक न उचललेला भाला

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या इलियड महाकाव्यात, पहिल्याच सर्गात, नायक अकिलिस दोन वेळा ‘त्याला उत्तर देत म्हणाला’. ओळ 84 आणि ओळ 121. सभा तीच, माणूस तोच. पण 84 मध्ये कवी त्याला ‘पोदस ओकुस’ म्हणतो, म्हणजे पायांनी चपळ, आणि 121 मध्ये ‘पोदार्केस दिओस’, म्हणजे वेगवान पायांचा, तेजस्वी. मधल्या छत्तीस ओळींत अकिलिस काही वेगळा झालेला नाही. मग विशेषण का बदललं?

याचं उत्तर मात्रा मोजून मिळतं, आणि मात्रा मोजणं आपल्याला नवीन नाही. तेव्हा आज होमरची एक ओळ सुटी करून बघू.

[स्क्रीनवर (— गुरू, ⏑ लघू): — ⏑ ⏑ | — ⏑ ⏑ | — ⏑ ⏑ | — ⏑ ⏑ | — ⏑ ⏑ | — —]

इलियडमध्ये सुमारे 15,700 ओळी आहेत, होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत, सुमारे 12,100. सगळ्या एकाच छंदात. या छंदाला हेक्सामीटर म्हणतात. ओळीत सहा गण, प्रत्येक गण चार मात्रांचा, एकूण 24 मात्रा. गणाचं पहिलं अक्षर गुरूच हवं. उरलेल्या दोन मात्रा दोन लघूंनी भरा नाहीतर एका गुरूने. पाचव्या गणात बहुतेक वेळा दोन लघूच येतात. सहाव्यात मात्र दोनच अक्षरं, आणि शेवटचं अक्षर मुळात लघु असलं तरी गुरू धरायचं. त्यामुळे ओळीत कमीत कमी 12 आणि जास्तीत जास्त 17 अक्षरं बसतात.

मोरोपंतांची आर्या वाचलेल्यांना चार मात्रांचा गण ओळखीचा असेल. फरक एवढाच की आर्येत तो गण बराच मोकळेपणाने फोडता येतो. लघु-गुरू-लघु चालतं, चार लघू चालतात. होमरला यातलं काहीच चालत नाही. गणाची सुरुवात गुरूनेच व्हायला हवी, म्हटल्यावर दोन गोष्टी ओळीत बसूच शकत नाहीत: लागोपाठ तीन लघू, आणि दोन गुरूंच्या मध्ये अडकलेला एकटा लघू. ग्रीक भाषेत असे शब्द भरपूर आहेत. कवीला ते एकतर सोडावे लागतात, नाहीतर वाकवावे लागतात. ‘अमर’ या अर्थाचा ‘अथनतोस’ हा शब्द मुळात चार लघूंचा. होमर त्याचा पहिला ‘अ’ सरळ ओढून ‘आ’ करतो आणि पुढे जातो.

आता पहिली ओळ. सावकाश म्हणतो, गणागणाने.

[स्क्रीनवर: मे निन अ | एइ दे थे | आ पे | ले इ अ | द्यो अ खि | ले ओस]

‘देवी, पेलेउसच्या मुलाच्या, अकिलिसच्या क्रोधाचं गाणं गा.’ सोळा अक्षरं, चोवीस मात्रा. ‘थेआ’ या शब्दानंतर, म्हणजे तिसऱ्या गणाच्या पहिल्या गुरूवर, यती म्हणजे विराम आहे. होमरच्या ओळीत बहुतेक वेळा तिसऱ्या गणाच्या आतच यती पडतो. ओळ बरोबर मधोमध, बारा-बारा मात्रांवर, तो सहसा तोडत नाही. तशी तोडली की एका ओळीच्या ऐवजी दोन छोट्या ओळी ऐकू येतात.

इथे मराठी वाचक हमखास एका ठिकाणी अडखळतो. आपल्याकडे ए आणि ओ नेहमी गुरू. ग्रीकमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे आहेत, त्यांची अक्षरंही वेगळी. वरच्या ओळीतले ‘दे’ आणि ‘थे’ लघू आहेत, तर ‘मे’, ‘पे’ आणि ‘ले’ गुरू. देवनागरीत सगळे सारखेच दिसतात. म्हणून देवनागरीवरून मात्रा मोजायला गेलात की ओळ तीस मात्रांच्या आसपास जाते आणि वाटतं, होमरलाच छंद येत नव्हता. बाकी नियम आपलाच आहे: ऱ्हस्व स्वरापुढे दोन व्यंजनं आली की ते अक्षर गुरू.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. या ओळीत ‘अखिलेओस’ आहे, एका ल चा. इतर ठिकाणी ‘अखिल्लेउस’ येतं, दोन ल चं. एक ल असला की ‘खि’ लघू, दोन असले की गुरू. नायकाचं नावच कवीने दोन मापांत ठेवलंय. ओडिसियसचंही तसंच, एका स चं आणि दोन स चं.

आता विशेषणांकडे. नाव बहुतेकदा ओळीच्या शेवटाला येतं, आणि त्याच्या आधी किती जागा उरलीय त्यावर विशेषण ठरतं. मापं प्रामुख्याने तीन: आठ मात्रा, दहा मात्रा, तेरा मात्रा.

[स्क्रीनवर:
8 मात्रा: दिओस अखिल्लेउस / दिओस ओदुस्सेउस / फाइदिमोस हेक्तोर
10 मात्रा: पोदस ओकुस अखिल्लेउस / पोलुमेतिस ओदुस्सेउस / कोरुथाइओलोस हेक्तोर
13 मात्रा: पोदार्केस दिओस अखिल्लेउस / पोलुत्लास दिओस ओदुस्सेउस / मेगस कोरुथाइओलोस हेक्तोर]

तेजस्वी अकिलिस, तेजस्वी ओडिसियस, झळाळता हेक्टर: आठ. पायांनी चपळ अकिलिस, बहुयुक्तीचा ओडिसियस, लखलखत्या शिरस्त्राणाचा हेक्टर: दहा. तेराचे तीन तुम्हीच बघा. तिन्ही नायकांचे तिन्ही तुकडे मापाला मात्रेगणिक सारखे. गाताना नाव बदललं तरी ओळीचा पुढचा भाग हलत नाही.

आता 84 आणि 121 पुन्हा लावून बघा. ओळ 84 सुरू होते ‘तोन द अपामेइबोमेनोस प्रोसेफे’ अशी. त्याला उत्तर देत म्हणाला. चौदा मात्रा. उरल्या दहा, म्हणून ‘पोदस ओकुस अखिल्लेउस’. ओळ 121 सुरू होते ‘तोन द एमेइबेत एपेइता’. त्याला मग उत्तर दिलं. अकरा मात्रा. उरल्या तेरा, म्हणून ‘पोदार्केस दिओस अखिल्लेउस’. आणि आठ मात्रांचा तुकडा हवा असेल तर त्याच सर्गाची सातवी ओळ बघा, तिथे आधी सोळा मात्रा भरल्यात. विशेषण बदललं ते क्रियापदाने अडवलेल्या जागेमुळे. अकिलिसच्या मनःस्थितीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे पद्धतशीर मांडलं मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने, 1928 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधांत. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. एका नायकाला एका मापाचं सहसा एकच विशेषण असतं. दहा मात्रांचा अकिलिस हवा असेल तर पर्याय शोधायचा नाही, हात आपोआप एकाच तुकड्याकडे जातो. एकटा कवी टेबलाशी बसून इतकी काटकसरीची आणि तरी इतकी पुरी पडणारी सोय तयार करू शकत नाही. ती पिढ्यानपिढ्या गाणाऱ्यांच्या तोंडात घासून तयार होते.

तुकडे किती जुने असू शकतात याचा पुरावा त्याच सातव्या ओळीत आहे. ‘आत्रेइदेस ते अनाक्स आन्द्रोन काइ दिओस अखिल्लेउस’. ‘ते’ आणि ‘अनाक्स’ या दोघांमध्ये स्वरापुढे स्वर आलाय. ग्रीकच्या नेहमीच्या सवयीने ‘ते’चा ए गळून ‘तनाक्स’ व्हायला हवं होतं, आणि तसं झालं की एक मात्रा कमी पडून ओळ मोडते. ती मोडत नाही, कारण राजा या अर्थाचा हा शब्द आधी ‘वनाक्स’ होता. होमरच्या बोलीतून व गेला, पण तुकडा ज्या मापात बसला होता तसाच राहिला. मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये लिनिअर बी ही ग्रीकची जुनी लिपी उलगडली, तेव्हा होमरच्या काही शतकं आधीच्या त्या मातीच्या पाट्यांवर हाच शब्द ‘व-न-क’ असा लिहिलेला सापडला.

पॅरी एवढ्यावर थांबला नाही. न लिहिता हजारो ओळी रचता येतात का, हे त्याला जिवंत गायकांकडून बघायचं होतं. 1933 ते 1935 मध्ये तो युगोस्लाव्हियात गेला, अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर गाणी ध्वनिमुद्रित केली. तिथला सगळ्यात थक्क करणारा गायक म्हणजे अव्दो मेजेदोविच, लिहिता-वाचता न येणारा खाटीक. त्याच्यासमोर दुसऱ्या एका गायकाने सुमारे 2,300 ओळींचं गाणं म्हटलं. अव्दोने ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि मग तेच स्वतः म्हटलं ते सुमारे 6,300 ओळींचं. पाठांतर म्हणावं तर ओळी जवळजवळ तिप्पट कशा होतील? त्याच्याकडे तयार तुकडे आणि तयार प्रसंग होते, तो ते जोडत गेला.

या पद्धतीत काही गोष्टी फसतातही. ओडिसीच्या सहाव्या सर्गात राजकन्या नाउसिका धुवायचे मळके कपडे गाडीत भरते, आणि ओळ म्हणते ‘चकाकणारी वस्त्रं’. इलियडच्या पंधराव्या सर्गात म्हातारा नेस्टर भर दिवसा हात वर करतो ते ‘ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाकडे’. याला चूक म्हणा, पण चुकीचं कारण समजून घ्या: तुकडा वस्तूला चिकटलाय, प्रसंगाला नाही. अनुवादक अशी विशेषणं गाळतात तेव्हा वाचायला सोपं होतं खरं, पण ओळ कशी उभी आहे ते दिसेनासं होतं. माझं मत विचाराल तर अनुवाद निवडताना हीच जागा उघडून बघा. आकाशात तारे ठेवलेत की पुसलेत?

आता शंका येईल की मग होमर म्हणजे नुसती जुळवाजुळव? पॅरीच्या मागून आलेल्यांपैकी काहींनी जवळजवळ असंच म्हटलं. मला ते पटत नाही, आणि कारण सोळाव्या सर्गात आहे, ओळी 297-298.

देवांचा राजा झ्यूस, त्याचा दहा मात्रांचा ठरलेला तुकडा आहे ‘नेफेलेगेरेता झेउस’, ढग गोळा करणारा झ्यूस. सोळाव्या सर्गात एक उपमा येते: झ्यूस उंच डोंगराच्या माथ्यावरून दाट ढग हलवतो, तसं जहाजांना ट्रोजन शत्रूंनी लावलेली आग हटवून ग्रीकांनी जरा मोकळा श्वास घेतला. ओळीत शेवटी दहा मात्रा उरल्यात. हात आपोआप कुठे जायला हवा? ‘ढग गोळा करणारा’. पण आधीच्याच शब्दात ढग आहे, आणि हा झ्यूस ढग गोळा करत नाही, ढग पांगवतोय. कवी इथे म्हणतो ‘स्तेरोपेगेरेता झेउस’, विजा गोळा करणारा. माप मात्रेगणिक तेच, काटकसरीचा नियम मोडलेला. गाता गाता, पुढची ओळ तोंडाशी आलेली असताना, कुणीतरी नेहमीचा तुकडा बाजूला ठेवला.

हेच प्रसंगांच्या पातळीवर बघा. योद्धा शस्त्रं चढवतो, हा तयार प्रसंग इलियडमध्ये मोठ्या आकारात चार वेळा येतो: तिसऱ्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, अकराव्यात ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन, सोळाव्यात अकिलिसचा मित्र पॅट्रोक्लस, एकोणिसाव्यात अकिलिस. क्रम ठरलेला. आधी नडग्यांवरची कवचं, मग छातीचं चिलखत, मग खांद्याला तलवार, मग ढाल, मग घोड्याच्या केसांच्या तुऱ्याचं शिरस्त्राण, शेवटी भाला. व्यवहारालाही हे धरून आहे: चिलखत घातल्यावर नडग्यांपर्यंत वाकणं अवघड, आणि तुरा डोक्यावर चढल्यावर तलवारीचा पट्टा गळ्यातून घालणं अवघड.

चौकट एकच असल्यामुळे भर कुठे घातली ते लगेच दिसतं. पॅरिसचं काम नऊ ओळींत उरकतं, आणि त्यात मध्येच कळतं की चिलखत त्याचं नाहीच, भाऊ लिकाओनचं आहे. अॅगमेम्नॉनला तीसेक ओळी मिळतात. त्याच्या चिलखतावर गडद निळ्या काचसदृश कुआनोसचे दहा पट्टे, सोन्याचे बारा, कथलाचे वीस. ऐकणाऱ्याला क्रम माहीत आहे, म्हणून गायक एखाद्या वस्तूवर रेंगाळला की कान टवकारतात.

आणि वस्तू गाळली की त्याहून जास्त. स्वतः करून बघा: तिसऱ्या सर्गाच्या ओळी 330 ते 338 एका बाजूला ठेवा, सोळाव्याच्या 130 ते 144 दुसऱ्या बाजूला. पॅट्रोक्लस अकिलिसची शस्त्रं चढवतोय. नडग्या, चिलखत, तलवार, ढाल, शिरस्त्राण, हाताला बसतील असे दोन भाले, सगळं क्रमाने. मग क्रमात नसलेल्या पाच ओळी येतात: अकिलिसचा तो एक भाला मात्र त्याने घेतला नाही. जड, लांब, पेलिओन पर्वतावरच्या अॅश झाडाचा, खिरोन या सेंटॉरने (अर्धा माणूस, अर्धा घोडा) अकिलिसच्या वडिलांना, पेलेउसला दिलेला, आणि अकिलिसशिवाय कुणालाही न पेलणारा. यातल्या शेवटच्या चार ओळी एकोणिसाव्या सर्गात 388 ते 391 ला अक्षरशः तशाच परत येतात. तिथे अकिलिस तो भाला उचलतो.